लूमचं मीटर आणि माझी खूण

भिकनदादा,

काल तुझी गंधमुक्ती झाली, तेराव्याची. जेवणं आटोपली, अमळनेरकडची माणसं गाडीची वेळ बघून उठली, आणि मी मागच्या मोरीत बसून पातेली घासत राहिले. घासायला तीन बायका होत्या, माझी काही गरज नव्हती. पण हात रिकामे राहिले की तोंड उघडतं, आणि काल मला तोंड उघडायचीच भीती वाटत होती. तुझी ही मानलेली बहीण तुला माहीतच आहे. जगाला चार शब्द सुनावेल, पण स्वतःचं एक सांगायचं म्हटलं की दातखिळी बसते.

म्हणून आज लिहायला बसले. सरळच सांगते, कारण आडवळणानं सांगायला गेले तर मी पुन्हा कुठेतरी पळून जाईन. लूमच्या मीटरच्या काचांचा तो सगळा लॉट वाया गेला, त्यापायी तुझ्या हातातलं आकडे काढायचं काम गेलं, कारखाना सुटला, तू परत लूमवर उभा राहिलास. ती चूक तुझी नव्हती, दादा. माझी होती. दुसऱ्याच दिवशी मला ती कळली होती, आणि मी गप्प बसले.

झालं. एवढंच होतं. ह्या चार ओळी सांगायला मला तुझं मरण लागलं, धिक्कार असो माझ्या जिभेला.

आठवतं का, मला त्या कारखान्यात तूच नेलंस. उधन्याच्या चाळीत तुझं घर आमच्यापासून दोन दारं सोडून. मी तेव्हा एका कापडाच्या खात्याच्या शेडमधे ताके तपासायचे. टेबलावरून कापड ओढायचं, फाटलं-तुटलं बघायचं, ताका संपला की शेवटच्या टोकाला खूण करायची. दिवसभर उभं राहून पायांना गोळे यायचे. तू एका रविवारी येऊन म्हणालास, "सिंधू, चाल. बसून करायचं काम शे. एसी शे."

"एसीत बसून काय करायचं? लोणचं घालायचं का?"

"काच बनवायची. कॅलक्युलेटरमधे काळे आकडे दिसतात ना, ती काच."

मी तुला वेड्यात काढलं. काचेत आकडे कसे राहतील? मग तू माझ्या ओट्यावर बसून बशीत चहा ओतलास, त्यावर दुसरी बशी ठेवलीस आणि समजावलंस. दोन काचा, मधे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी फट, त्या फटीत एक पातळ पदार्थ. करंट दिला की तेवढ्या जागेवर उजेड अडतो आणि आपल्याला काळा आकडा दिसतो. वरची बशी कलंडून चहा सगळा माझ्या लुगड्यावर आला. समजलं मात्र काही नाही. पण तू सांगत होतास तेव्हा तुझा चेहरा असा काही उजळला होता, की म्हटलं जाऊन तर बघू.

पहिल्या दिवशीच माझं आणि तुझं वाजलं. केसात गजरा नको, तोंडाला पावडर नको, बांगड्या काढा. मी म्हटलं, "सवाष्ण बाईला बांगड्या काढायला सांगतोस, लाज नाही वाटत?" तू म्हणालास, नियम माझा नाही, इंजिनियर साहेबांचा आहे. "मग हाताला दोरा तरी बांधू दे." तर तू कपाळावर हात मारून घेतलास. "दोरा तर मुळीच नको वं बाई! त्याचे तंतू सुटतात." आपण सगळे लूमच्या वस्तीतले. अंगावर, केसांवर, कानांच्या पाळ्यांमागे धाग्याची भुकटी. तिचा एक कण जरी दोन काचांच्या मधे गेला तरी काळा डाग पडायचा. इंजिनियर साहेब आमच्या माना ओल्या फडक्यानं पुसून आत सोडायचे. मी सासरीसुद्धा इतकी न्हाले नव्हते.

तू तिथे घासायच्या मशीनवर होतास. काचेला आतून एक पातळ लेप देतात, तो वाळला की मखमल गुंडाळलेला रोलर त्यावरून एकाच दिशेनं फिरवायचा. त्यानं लेपावर डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघा पडतात आणि मधला पदार्थ त्या रेघांच्या अंगानं निजतो. बाहेरून आलेली मखमल झिजली तेव्हा कारखाना बंद पडायची वेळ आली. साहेब पत्रं लिहीत बसले. तू मात्र सुट्टीच्या दिवशी सुरतेतली मखमलीची खाती पालथी घातलीस आणि सात तुकडे घेऊन आलास. साहेब म्हणाले, ह्यातला कोणता बरा, हे मोजणार कसं? तू डोळे मिटून एकेक तुकडा गालावरून फिरवलास, एकदा सुलटा, एकदा उलटा, आणि पाचवा पुढे केलास. साहेब हसले. आठ दिवसांनी त्या मखमलीच्या काचा तपासून झाल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं तुला चहा आणून दिला. मला इतका अभिमान वाटला होता, दादा. चाळीत सांगत सुटले होते की आमच्या भिकनदादाच्या गालावर कारखाना चालतो.

मग साहेबांना कळलं की तू गावाकडे आयटीआयला नकाशे काढायचं शिकलेला आहेस आणि ते शिकून सुरतेत दहा वर्षं लूम चालवलीस. त्यांनी तुला माळ्यावरच्या खोलीत नेलं. तिथे मोठं टेबल, वर दिवा, आणि काळ्या शाईचे पेन. आकडे दहापट मोठे काढायचे, त्यांचा फोटो घेऊन लहान करायचे, आणि तो आकार काचेवर उतरवायचा. सात काड्या. त्या सातांतून शून्यापासून नऊपर्यंत सगळं. जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन वर यायचे आणि तुझ्याशी भांडायचे.

"हा एक नेहमी उजवीकडेच का सरकलेला? अंग चोरून उभा राहिल्यासारखा."

"त्याच्या नशिबात त्याच दोन काड्या शेत. मी काय करू?"

"आणि आपले आकडे काढ ना. मराठी पाच, मराठी सहा."

ह्यावरून आपलं किती दिवस चाललं! तू महिनाभर कागदांचा ढीग पाडलास. सात काड्यांत मराठी पाच बसेना, सहा तर लोळायलाच लागायचा. शेवटी अकरा तुकड्यांत तू दहाही आकडे बसवलेस. मला दाखवलेस तेव्हा ते थोडे कुबडे दिसत होते, पण आपले होते. मी टाळ्या वाजवल्या. आणि तूच तो कागद गुंडाळून ठेवलास. "खात्यात ओडिया पोरं शेत, यूपीवाले शेत. त्यांनी काय वाचायचं? इंग्रजी आकडा सगळ्यांना येतो." मी म्हटलं, "आपल्या म्हाताऱ्या गड्यांना नाही येत." तू म्हणालास, येतो, शिकले ते. मी म्हटलं, शिकावं लागलं म्हणून शिकले. तो वाद तसाच राहिला बघ. मी अजूनही म्हणते की माझंच बरोबर होतं. आता तू उलटून बोलणार नाहीस, म्हणून माझं खरं धरू नकोस.

हे सगळं चाललं होतं एका मीटरसाठी. आपण भिंतीवरच्या घड्याळांच्या नि कॅलक्युलेटरच्या काचा करायचो, त्यांचे नकाशे बाहेरून यायचे. हे मीटर मात्र तुझं होतं. किती कापड विणलं ते सांगणारं, लूमला लावायचं मीटर. जुनं मीटर खाली, कापडाच्या गुंडाळीजवळ असायचं. आकडा बघायचा तर विणकरानं चालू लूमशेजारी खाली बसायचं. बहुतेक बसायचेच नाहीत, मुकादम सांगेल तो आकडा, आणि त्यावरच मजुरी. तू एकदा बसला होतास, तेव्हा धोटा उडून भुवईवर लागला होता. बोटभर वण. तू म्हणायचास, "उभ्या माणसाला उभ्यानं दिसलं पाहिजे. त्यानं त्याचं काम त्याच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. बाकी मला काही नको." कारखान्याच्या शेठनं बरेच दिवस उडवून लावलं. मग त्यांच्या मेव्हण्याचं लूमचं खातं निघालं, आणि शेठ म्हणाले, कर एक लॉट, बघू.

माझ्या दोन्ही पोरी झाल्या तेव्हासुद्धा तुला इतकं खूश बघितलं नव्हतं, आणि तेव्हा तर तू पेढे वाटले होतेस.

आता ह्या काचांची एक खोड असते. समोरून सगळ्याच बऱ्या दिसतात, पण तिरकं बघितलं तर एकाच बाजूनं आकडा गडद दिसतो. खालून बघायची असेल तर तिला आपण सहाची काच म्हणायचो, वरून बघायची असेल तर बाराची. घड्याळात सहा खाली, बारा वर, तसं. भिंतीवरचं घड्याळ आपण खालून बघतो, म्हणून ते सहाचं. तुझं मीटर लूमच्या खालच्या अंगाला उभं बसणार आणि माणूस वरून बघणार, म्हणून ते बाराचं. आपल्या कारखान्यात बाराची काच त्याआधी कधी झालीच नव्हती. आणि सहा की बारा, हे ठरतं रोलर काचेच्या कोणत्या कडेपासून सुरू झाला त्यावर. म्हणून प्रत्येक काचेच्या कडेला शाईची एक खूण करायची: रोलर इथून सुरू.

ती खूण करणारी पोरगी चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी गावी गेली ती आलीच नाही. तेव्हा सगळं सुरतच पळत होतं. उधना स्टेशनावर तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, खिडक्यांतून आत ढकललेली पोरं, आपणही त्याच गर्दीत होतो. तू माझ्या धाकटीला खांद्यावर घेऊन नंदुरबारपर्यंत उभा होतास. परत आलो तर निम्मा कारखाना रिकामा. इंजिनियर साहेबही दुसरीकडे गेले होते. शेठ म्हणाले, सिंधूबेन, खुणा तू कर, आणि लाइनवर लक्षही तूच ठेव. मला केवढी फुशारकी! तू मला नीट शिकवलंस, दोनदा. "सिंधू, ध्यान दे. जिथून सुरुवात, तिथे खूण." मी म्हटलं, "एवढं काय घोकून घेतोस, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

आणि टेबलाशी बसले आणि पहिल्या काचेपासून शेवटच्या काचेपर्यंत शेवटाला खूण केली. दादा, मी ते डोक्यानं केलं नाही, हातानं केलं. आठ वर्षं ताके तपासलेला हात. ताका संपला की शेवटाला खूण. विणकरसुद्धा लूमचा नंबर ताक्याच्या शेवटालाच घालतो. आपल्या लोकांना सुरुवातीला खूण करायची सवयच नाही. घासायच्या मशीनवर तेव्हा नवा माणूस होता, त्यानं खूण दिसली तिथून रोलर सुरू केला. सगळ्या काचा उलट्या घासल्या गेल्या. बाराच्या जागी सहाच्या झाल्या.

आणि तपासताना कुणालाच कळलं नाही. टेबलावर काच आडवी पडलेली, आकड्यांचा पाय आपल्याकडे. असं बसून बघणं म्हणजे सहाच्या बाजूनंच बघणं. आम्ही सगळ्या सवयीनं तसंच तपासायचो. आकडे काळेकुळकुळीत. सगळा लॉट पास. तू सगळ्यांसाठी लोचो आणलास आणि एसी खोलीच्या बाहेर चपलांच्या शेजारी बसून आपण खाल्ला.

मेव्हण्याच्या खात्यात बसवायला गेलो तेव्हा मी तुझ्याबरोबर होते. लूमांचा तो आवाज, तू हसत हसत काहीतरी सांगत होतास, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मीटर लावलं, लूम सुरू झालं, आणि तू विणकर उभा राहतो तिथे उभा राहिलास. खाली बघितलंस. काच कोरी. काचेवर फुंकर घातल्यासारखं काहीतरी पुसट. तू खाली बसलास, आकडे ठळक. उभा राहिलास, कोरी. पुन्हा बसलास. पुन्हा उभा राहिलास. किती वेळा ते मी मोजलं नाही, मला बघवेना. तिथला विणकर, यूपीचा म्हातारा, सज्जन माणूस, तोंड तुझ्या कानाशी नेऊन ओरडला, "भाई, बैठना ही है, तो पुराना क्या बुरा था?" त्यानं काही टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं. तू त्याला हात जोडलेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काचेच्या कापलेल्या कडांचा डबा उपसला. काचा जोडून झाल्यावर ह्या कडा कापून टाकतात, खूणही त्यांच्याबरोबर जाते. एकेक कड उजेडात धरली, आकड्याच्या कोणत्या बाजूची ते लावून बघितलं. चौथ्या-पाचव्या कडेला कळलं, खूण शेवटाला होती. सगळा डबा मी भंगारच्या पोत्यात ओतला आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. गाठसुद्धा दोनदा मारली.

दुपारी शेठनं सगळ्यांना उभं केलं. "आ कोणे ऊंधुं कर्युं?" हे उलटं कुणी केलं, तीनदा विचारलं. मी चपलांच्या रांगेकडे बघत होते. माझ्या घशाशी आलं होतं, देवाशपथ आलं होतं. तेवढ्यात तू पुढे झालास. "शेठ, नकाशातच उलटं झालं असेल. माझ्याकडूनच." आणि माझ्या घशाशी आलेलं खाली गेलं. इतकं सोपं झालं ते, की मला हलकं वाटलं. ते हलकं वाटणं मी स्वतःला आजवर माफ केलेलं नाही.

कारणं होती. ह्यांची मिल बंद पडून चार महिने झाले होते, माणूस घरात बसून भिंतीशी बोलायला लागला होता. पोरी शाळेत. मला नुकतीच लाइन मिळालेली. सगळं खरं आहे. पण ही कारणं त्या क्षणी माझ्या मनात नव्हती, दादा. ती मी नंतर गोळा केली.

तुझी खोली गेली. तुला काचा धुवायला बसवलं. रबरी हातमोजे घालून तू माझ्याच लाइनला काचा धुवायचास आणि मी तुझ्यावर ओरडायचे. खरंच ओरडायचे! "डाग राहिलाय, पुन्हा धू." लाइनवरच्या बायका बघत राहायच्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, तशातली गत. तू काच उजेडात धरायचास, डाग नसायचा, तरी पुन्हा धुवायचास. पावसाळ्याच्या आत तू कारखाना सोडलास आणि परत लूमच्या खात्यात लागलास. जिथे आकडा बघायला खाली बसावं लागतं, तिथे. तुझ्या मीटरचं नाव नंतर कुणी काढलं नाही. शेठ म्हणायचे, वो तो फेल आइटम है.

मी मात्र चढत गेले. आज त्या कारखान्यात माझ्या हाताखाली पंचवीस जणी आहेत. खुणा करायला नवी पोरगी बसली की मी तिला दहादा शिकवते आणि शंभर काचा होईपर्यंत तिच्या डोक्याशी उभी राहते. त्या म्हणतात, बेन फार कडक आहे. होय, आहे.

दर वर्षी राखीला मी तुझ्याकडे यायचे. घरून ठरवून यायचे की आज सांगायचं. ओवाळायचे, तोंडात पेढा घालायचे, आणि मग पोरींच्या शाळेचं, नळाच्या पाण्याचं, नणंदेच्या सुनेचं चऱ्हाट लावायचे. वहिनी चहा ठेवून आत निघून जायची, मला वाटायचं ती आधीपासूनच अबोल आहे. तू ऐकत बसायचास. तुझा खोकला सुरू झाला होता. लूमची धूळ आहे, जाईल, म्हणायचास. आपल्यात एक काहीतरी आकसत चाललं होतं, ते मला कळत होतं. पूर्वीसारखा तू मला चिडवत नव्हतास. मी काही उलटसुलट बोलले तर "बरं" म्हणायचास. तुझ्या त्या "बरं"ची मला चीड यायची. घरी येऊन मी ह्यांच्यावर राग काढायचे.

आणि दवाखान्यात शेवटचं भेटलो ती दुपार. वहिनी डबा आणायला गेली होती. खोलीत आपण दोघंच होतो, पलीकडचा पेशंट झोपलेला. ह्याहून चांगली वेळ देवानं आणखी काय द्यायची? तूच कारखान्याचा विषय काढलास. दम खात खात विचारलंस, "आता काय बनवतात?"

"पेजरची काच."

"आकडे कोण काढस?"

"कोणी नाही. बाहेरून तयार येतात."

तू छताकडे बघितलंस. मग हसलास. "एक अजून उजवीकडेच शे का?"

"तिथेच आहे मेला," मी म्हटलं. तुला हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला, मी तुझी पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागली. तुला बोलायचं होतं, दादा. तू मला दार उघडून दिलं होतंस, मला आत्ता कळतं. मी काय केलं, तर मोसंबी सोलत बसले. साल काढली, पांढरा पापुद्रा काढला, फोडीवरची चामडी काढली, एकेक बी काढली. तुला एक फोड गेली. बाकीच्या मी बशीत ठेवल्या आणि बस चुकेल म्हणून उठले. बस चुकली असती तर चुकली असती. तिथून उधन्याला दुसरी बस असते.

म्हणून काल मोरीत बसून मी पातेली घासत होते. तुझ्या फोटोकडे बघायची हिंमत नव्हती. बायका गेल्या. पोरं गच्चीवर चटया वाळत घालायला गेली. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं. मी राखेनं भरलेल्या हातांनीच तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. खूण, कडांचा डबा, पोत्याची गाठ, शेठसमोर खाली घातलेली मान. काही शिल्लक ठेवलं नाही. मला वाटलं ती मला झिंज्या धरून हाकलेल. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

ती हलली नाही. म्हणाली, "मले माहीत शे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"त्याच दिवशी घरी येऊन बोलले होते," ती म्हणाली. "शेठनं बोलवायच्या आधीच त्यांनी नकाशा काढून बघितला होता. नकाशा बरोबर होता. कड न कापलेली एक काच तपासली, खुणेसकट. म्हणे, सिंधूनी शेवटाला खूण केली. ताकेवाली शे ना, हात तसाच गेला असेल. हसत होते सांगताना."

"मग शेठसमोर..."

"म्हणाले, तिचा माणूस घरी बसला शे. आज मी सांभाळून घेतलं. एक-दोन दिवसांत ती येईलच सांगायला, मग आम्ही दोघं मिळून जाऊ शेठकडे, नवा लॉट मागू." वहिनी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. समोरच्या चटईवर पडलेले भाताचे दाणे एकेक करून उचलत होती. "पहिल्या रविवारी त्यांनी दूध जास्त आणायला लावलं. सिंधू येईल म्हणे. दुसऱ्या रविवारी पण. मग काही बोलले नाहीत. तू राखीला यायचीस, चहा पिऊन जायचीस. तू गेल्यावर ते जेवायचे नाहीत त्या दिवशी."

दादा, पाच वर्षं. तू मला चुकीबद्दल कधीच धरलं नव्हतंस. तू नुसती माझी वाट बघत होतास, आणि मी दर वर्षी तुझ्या दारात येऊन, तुझ्या हाताला राखी बांधून, न येताच परत जात होते.

मला रडू फुटलं. मी वहिनीला म्हटलं, त्यानं एकदा विचारायचं होतं गं. एकदाच. "सिंधू, हे तुझ्याकडून झालं का?" एवढंच.

"मी बी तेच म्हणायची त्यांना," वहिनी म्हणाली. "तुम्हीच विचारा ना तिला. तर काय म्हणाले माहीत शे? म्हने, मी इचारं त ती खोटं बोली. मंग बहीन कोठून आनू मी?"

तू बरोबर ओळखलं होतंस, दादा. तू विचारलं असतंस, तर मी पोरींच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलले असते.